आफ्रिकन सिक्लिड आणण्याआधीची तयारी

आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या म्बुना, म्हणजे खडकांत राहणाऱ्या सिक्लिड माशांची मारामारी बंद करता येत नाही, फक्त वाटून टाकता येते, आणि ते काम मासे घरी यायच्या आधी उरकावं लागतं. टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटरचा घ्या. उंच टँकवर जास्तीचे पैसे घालू नका, या माशांना हवी असते ती तळाची जागा. दगडांसकट वजन साडेतीनशे किलोपर्यंत जातं, तेव्हा स्टँड लोखंडी अँगलचा आणि वर थर्माकोलचा शीट. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून कागद लावा, कारण नर स्वतःच्या प्रतिबिंबावरही धावून जातो.

खरा खेळ दगडांचा. कोल्हापुरात काळ्या दगडाला तोटा नाही, आणि तो पाण्यात काही सोडत नाही. नारळापासून कलिंगडापर्यंतच्या आकाराचे, मिळून चाळीस-पन्नास किलो पुरतात. पन्हाळ्याकडचा जांभा भोकाभोकांचा असल्यामुळे मोह पाडतो, पण झडून पाणी गढूळ करतो. दगड ब्रशने घासा, साबण नको. उकळायला ठेवू नका, आतला ओलावा तापून दगड फुटतो. आधी तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी, तिच्यावर दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर मासे वाळू उकरतात, ढीग कोसळतो आणि काच जाते. दोन-तीन वेगळे ढीग रचा, टँकच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत, असे की या टोकाच्या माशाला त्या टोकाचा दिसू नये. प्रत्येक कपारीला दोन तोंडं हवीतच. एकतोंडी कपारीत शिरलेल्या मादीला नर कोंडून मारतो.

नळाच्या पाण्याला अँटिक्लोरीन. पीएच, म्हणजे पाण्याच्या क्षारपणाचं माप, ७.८ ते ८.५ राहायला हवा. त्यासाठी कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा धुऊन, अर्धा किलो जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. फिल्टर ताशी दीड-दोन हजार लिटरचा. हीटर २५ अंशांवर, पाणी गरम तेवढी डोकी गरम. माशांविना, पण रोज चिमूटभर खाद्य टाकत, फिल्टर चार ते सहा आठवडे मुरू द्या, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू त्यात वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं आधी वाढून मग दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबा.

मासे पंधरा ते अठरा, चार-पाच सेंटिमीटरचे, एकाच मापाचे आणि एकाच दिवशी सोडायचे. संख्या कमी ठेवली की दादागिरी करणारा नर, म्हणजे दादा, एकाच्याच मागे लागतो. गर्दीत त्याचा राग विभागला जातो. एका नरामागे तीन-चार माद्या, आणि जाती एकमेकींसारख्या न दिसणाऱ्या. ‘आफ्रिकन मिक्स’ म्हणून मिळणारी पिशवी घेऊच नका. त्यात हमखास ऑराटस निघतो: लहानपणी सगळे पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, गोजिरवाणे, मोठा झाला की नर काळपट होतो आणि टँक ताब्यात घेतो. खाद्य स्पिरुलिना या शेवाळाचं. ब्लडवर्मसारख्या मांसल खाद्याने यांची पोटं फुगतात.

पन्नास लिटरचा जादा टँक स्पंज फिल्टरसह तयार ठेवा. पंख फाटलेला, वरच्या कोपऱ्यात हीटरमागे लपलेला मासा दिसला की त्याला तिकडे हलवा. पण नुसतं तेवढंच केलंत तर दादा उद्या दुसरा गाठतो, म्हणून त्यालाही आठवडाभर त्याच जादा टँकमध्ये, मध्ये जाळी लावून, पलीकडे ठेवा आणि परत सोडण्याआधी दगडांची जागा बदला. हद्द पुसली की तोही नवखा. नवा मासा आणतानाही हेच, वर दिवे बंद.

जास्तीचे नर परत घेईल असा दुकानदार आधीच ठरवून ठेवा. रंकाळ्यात सोडायचे नाहीत. १९५२ साली देशात आणलेली चिलापीही सिक्लिडच, आणि तिने तळ्यांत काय केलं ते मासेमारांना विचारा.