तीर्थनला ट्राउट पकडायला जाताय? मग तयारी घरूनच करून निघा

हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंगला (म्हणजे नकली माशी टाकून ट्राउट मासा पकडायला) जायचंय, काय काय घेऊ, असं हल्ली बरेच जण विचारतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न रॉड कुठला घेऊ हाच असतो. रॉडचं सांगतोच, पण त्याआधी एक सांगतो, तिकडे गुशैनी गावाच्या वर नदीकाठच्या लॉजवर पोचलात की या सामानाचं दुकान नाही, काही तुटलं विसरलं तर त्याच्याशिवायच दिवस काढायचे, त्यामुळे सामान थोडं असलं तरी चालेल पण हाताला सवय झालेली पाहिजे.

आधी तारखा ठरवा. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते कारण ब्राऊन ट्राउट थंडीच्या सुरुवातीला नदीच्या खडीत अंडी घालतो, त्या काळात पाण्यात पाय टाकला तरी अंडी चिरडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि धोक्याचं. सगळ्यात चांगले मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर. मला स्वतःला ऑक्टोबर आवडतो, पाणी काचेसारखं असतं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर लक्षात ठेवा की ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी वाढतं, म्हणून पहाटे उठून दुपारच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं, आणि सकाळी जिथून नदी ओलांडली तिथूनच संध्याकाळी परत येता येईल असं धरून चालू नका.

लायसन्स लागतं, मत्स्य विभागाचं, दिवसाच्या हिशोबाने मिळतं. लॉजवाल्याला आठवडाभर आधी फोन करून सांगितलं तर तो व्यवस्था करून ठेवतो. त्यावर छापलेले नियम नीट वाचा, किती मासे, किती लांबीचा ठेवता येतो वगैरे. आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मासे पकडायचे नाहीत, गेटच्या खालीच थांबायचं.

आता रॉड. नऊ फुटी, ५ वेट (म्हणजे ५ नंबर वजनाच्या लाइनसाठीचा), चार तुकड्यांचा. एवढा एक बास. सोबत वेट फॉरवर्ड फ्लोटिंग लाइन (पुढचा भाग जड असलेली, तरंगणारी), नऊ फुटी लीडर (लाइनच्या पुढचा बारीक दोरा), आणि ४एक्स व ५एक्स टिपेटची (लीडरच्या टोकाला जोडायचा आणखी बारीक दोरा, त्यालाच माशी बांधतात) एकेक गुंडाळी (आकडा मोठा तेवढा दोरा बारीक). कोकणात गरवायला गेलेल्यांना इथे सुरुवातीला गोंधळायला होतं कारण तिकडे शिसं जड असतं आणि ते दोऱ्याला ओढत नेतं, इथे उलटं आहे, माशी म्हणजे हुकावर बांधलेला पिसांचा नि दोऱ्याचा कणभर तुकडा, तिला वजनच नाही, जड असते ती लाइन आणि फेकायची असते ती लाइनच, माशी फक्त मागोमाग जाते. हे डोक्यात बसलं की अर्धं कास्टिंग आलं.

माश्या फार नकोत. फेझंट टेल आणि हेअर्स इअर या बुडणाऱ्या निंफ, तरंगणाऱ्यात अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, आणि काळी किंवा ऑलिव्ह वूली बगर (हीही बुडणारी). साइज १२ ते १६ (इथेही आकडा मोठा तेवढी माशी लहान), बगर थोडी मोठी चालते. प्रत्येकी पाच-सहा घ्या कारण तीर्थनच्या दगडांत आणि काठच्या झाडांत रोज दोन-तीन जातातच. आपल्याकडे हे सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवायलाच लागतं, तेव्हा दोन महिने आधी ऑर्डर टाका. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून सपाट करा, मासा सोडायला सोपं जातं आणि स्वतःच्या बोटात घुसला तर तोही सहज निघतो.

सरावाचं मी मुद्दाम लांब लिहितोय कारण इथेच सगळे कमी पडतात. रोज सकाळी वीस मिनिटं, सोसायटीचं ग्राउंड किंवा शाळेचं मैदान, लाइनच्या टोकाला माशीऐवजी लोकरीचा लाल तुकडा. घड्याळ डोळ्यासमोर आणा, रॉड मागे एकच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि पुढे दहाला थांबवायचा, थांबवायचा म्हणजे खरंच खटकन थांबवायचा. मागे गेलेली लाइन सरळ होईपर्यंत थांबा, मग पुढे. तीस फुटांवर एक जुनं ताट ठेवा आणि दहातले सात त्यात पडेपर्यंत सोडू नका, तीर्थनसारख्या नदीत याहून लांब फेकायची वेळ क्वचितच येते. जवळ तळं असेल तर रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे टाकायची पद्धत) पण शिका, काठाला झाडी एवढी दाट आहे की मागे लाइन फेकायला जागाच नसते. गवतावर तो नीट जमत नाही, लाइन धरून ठेवायला पाणीच लागतं.

आणि गाठी. माशी बांधायला क्लिंच आणि लीडरला टिपेट जोडायला सर्जन्स, दोनच. माझ्या पहिल्या ट्रिपला तिसऱ्या दिवशी एका मोठ्या दगडाच्या मागच्या शांत पाण्यात चांगला हातभर ब्राऊन लागला, दोन उड्या मारल्या आणि लाइन एकदम सैल. ओढून बघितलं तर टिपेटचं टोक बारीक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. टोक सरळ कापलेलं असेल तर दोरा तुटला, गुंडाळलेलं असेल तर गाठ सुटली, म्हणजे चूक माझी होती, आणि माशी त्या माशाच्या तोंडात राहिली याचं अजून वाईट वाटतं. थंडीत बोटं बधिर असताना घाईत बांधली होती, थुंकी लावून ओली न करताच आवळली होती. तेव्हापासून निघायच्या आधीचा महिनाभर रात्री टीव्हीसमोर बसून गाठी बांधतो, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून पण बांधून बघतो. तुम्हीही करा.

कपड्यांत कॉटन नको, भिजलं की वाळत नाही. आत थर्मल, वर फ्लीस, वर रेनकोट. पाणी बर्फाचं आहे, त्यामुळे वेडर्स (छातीपर्यंतची वॉटरप्रूफ पँट) असतील तर उत्तम आणि त्यांचा कमरेचा पट्टा कायम घट्ट, पडलात तर आत पाणी पटकन भरत नाही. नसतील तर निओप्रीनचे मोजे घालून गुडघ्याच्या खालीच राहा. दगड गोल आणि शेवाळलेले आहेत, फेल्ट सोलचे (तळाला जाड नमदा असलेले) बूट पकडतात, पण एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना ते पूर्ण वाळवून न्या, ओल्या फेल्टमधून शेवाळ नि रोग दोन्ही जातात. हातात एक काठी ठेवा. पोलराइज्ड गॉगल आणि टोपी हे हौसेचं सामान नाही, वाऱ्याने वळलेली माशी थेट डोळ्यावर येते.

सगळं सॅकमध्ये भरा, चाकांच्या बॅगा नकोत. तिथली काही घरं नदीच्या पलीकडे आहेत आणि सामान दोरावरच्या पाळण्यातून जातं. विमानात हुक, पक्कड, कात्री चेक-इनमध्ये, रॉडची नळीपण तिकडेच, मधे कपडे कोंबून. दिल्ली किंवा चंदीगडहून रात्रीची मनालीची बस घेतली तर औटला उतरायचं, औटच्या बोगद्याच्या आधी, कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा कारण पहाटे सगळे झोपलेले असतात. पुढे टॅक्सी. कॅश आणि औषधं वाटेतल्या बंजारलाच घ्या, मोठा दवाखाना म्हणजे सरळ कुल्लू.

मासा खायचा असेल तर खोऱ्यातच ट्राउट फार्म आहेत, लॉजवाले तिथून आणून झकास करून देतात. नदीतला पकडलात तर परत पाण्यात सोडा. इथल्या लोकांनी लढून या नदीवर वीजप्रकल्प होऊ दिले नाहीत म्हणून हे पाणी आज असं वाहतंय. मासा सोडताना हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला बुरशी लागते. फोटो काढायचाच तर पाण्यातून वर काढून दोन-तीन सेकंद, जास्त नाही. मग प्रवाहाकडे तोंड करून हलक्या हाताने धरून ठेवायचा, ढकलायचा नाही, दम भरला की शेपटी मारून तो स्वतःच निघून जातो.