प्रॅक्टिस, मॅच आणि सबमिशन, तिन्ही सांभाळायचं कसं

कॉलेजच्या टीममध्ये खेळणाऱ्याला सगळे एकच सांगतात, टाइमटेबल बनव. बनवा की, पण त्यात थकवा कुणी धरतच नाही. प्रॅक्टिसवरून आल्यावर कागदावर तीन तास मोकळे दिसतात, त्यात डोकं किती चालतं ते खेळणाऱ्यालाच माहीत. म्हणून आधी एक आठवडा नुसतं बघा, दिवसातले ताजे तास कुठले आणि दमलेले कुठले. नवीन चॅप्टर, गणितं, जे काही डोकं खातं ते सगळं ताज्या तासात, मग तो सकाळचा एकच तास का असेना. जर्नल लिहिणं, आकृत्या काढणं, नोट्स नीट लावणं हे दमलेल्या तासात. बरेच जण याच्या उलट करतात आणि मग अभ्यास जमतच नाही म्हणून स्वतःला दोष देत बसतात, त्याचं खरंच वाईट वाटतं.

सेमिस्टर सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात परीक्षा, सबमिशन, प्रॅक्टिकल आणि मॅचेस, सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरमध्ये टाका. कुठे काय क्लॅश होतंय ते लगेच दिसतं. मग सर-मॅडमना तेव्हाच भेटा, आदल्या दिवशी जाऊन सांगितलं तर ती सबब वाटते. आणि "काहीतरी अ‍ॅडजस्ट करा ना" असं म्हणू नका, तुम्हीच पर्याय घेऊन जा, म्हणजे "टूर्नामेंट या तारखेला आहे, मी असाइनमेंट त्याच्या आधी देतो, चालेल का?" सोबत कोचचं पत्र असेल तर उत्तमच. कोचलाही परीक्षेच्या तारखा द्या बरं का, हे जवळजवळ सगळे विसरतात.

लेक्चर बुडलं तर नोट्स मिळतात, प्रॅक्टिकल बुडलं की ते भरून काढणं अवघड. त्यामुळे विषय निवडायची मुभा असेल तर जास्त लॅब असलेला विषय ऐन सीझनमध्ये घेऊ नका.

प्रवासात पुस्तक उघडलं की झोप येते, मग वाचूच नका, आठवा. पुस्तक बंद करून कालचा टॉपिक स्वतःला सांगायचा, अडलं तिथेच फक्त बघायचं. हे नुसतं माझं मत नाही, 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, त्यात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या टेस्टमध्ये पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या टेस्टमध्ये स्वतःची परीक्षा घेत शिकलेले पुढे गेले. खेळाडूला तर हे सोन्यासारखं आहे, कारण याला टेबल-खुर्ची लागत नाही, वॉर्मअपच्या आधीची दहा मिनिटंसुद्धा पुरतात.

आता झोप. अभ्यास राहिला की पहिली कात्री झोपेलाच लागते आणि तिथेच दोन्हीकडून नुकसान होतं. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते आणि शरीर भरून निघायलाही तीच लागते. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास 2011 मध्ये छापून आला होता, खेळाडू छोट्या गटातलेच होते, पण काही आठवडे जास्त झोपल्यावर त्यांचे फ्री थ्रो सुमारे 9 टक्क्यांनी सुधारले आणि स्प्रिंटही फास्ट झाल्या. त्यामुळे टाइमटेबलमध्ये झोप आधी लिहा, कमीत कमी सात तास, वय कमी असेल तर आठ, आणि बाकीचं सगळं उरलेल्या वेळात बसवा. नाहीच बसलं तर एखादी अ‍ॅक्टिव्हिटी सोडा, झोप सोडू नका. संध्याकाळी उशिरा कॉफीही नको, तिचा असर कित्येक तास राहतो.

टूर्नामेंटला निघण्याआधी वर्गातल्या एकाला सांगून ठेवा की रोज बोर्डचे फोटो टाक, आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी सगळं बुडालेलं एकदम भरून काढायला जाऊ नका, आधी चालू असलेला टॉपिक पकडा, मागचं रोज थोडं थोडं घ्या.