जुन्या ट्रकचे डिफरन्शियल कसे धुवावे आणि त्याचे ऑइल कसे बदलावे

विकत घेतलेला ट्रक लाखो किलोमीटर धावलेला असेल आणि डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या, चाकांना फिरवणाऱ्या गियरांच्या संचाचे) ऑइल शेवटचे कधी बदलले याची नोंद आधीच्या मालकाकडे नसेल, तर ते बदललेलेच नाही असे धरून चालावे. इंजिन ऑइलकडे सर्वांचे लक्ष असते. मागच्या ॲक्सलकडे मात्र घरघर ऐकू येईपर्यंत कोणी पाहत नाही, आणि तोवर क्राऊन-पिनियनची, म्हणजे त्यातल्या मुख्य दातेरी चाकांच्या जोडीची, झीज बरीच पुढे गेलेली असते. मुंबईत या हयगयीला पावसाळ्याची जोड मिळते. हिंदमाता किंवा सायनसारख्या सखल भागात तुंबलेल्या पाण्यातून ट्रक जातो, तेव्हा ॲक्सलचे तापलेले हाऊसिंग (बाहेरचे कवच) एकदम थंड पडते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (आतला दाब सोडणाऱ्या हवेच्या वाटेतून) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते.

ऑइल घेताना उत्पादकाची पुस्तिका प्रमाण मानावी. क्राऊन-पिनियन हायपॉइड प्रकारचे (पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून बाजूला असलेले) असेल, तर त्याच्या दातांमध्ये दाबाबरोबर घसरणही मोठी असते, आणि ती सोसण्यासाठी जीएल-५ दर्जाचेच गियर ऑइल लागते. गियरबॉक्ससाठी आणलेले जीएल-४ उरले आहे म्हणून ते इथे ओतू नये. ऑइलचा दाटपणा ८०डब्ल्यू-९० हवा की ८५डब्ल्यू-१४० हे पुस्तिकेनुसार ठरवावे. आवाज दबावा म्हणून मुद्दाम जाड ऑइल भरण्याची सूचना गॅरेजमध्ये हमखास मिळते, पण त्याने झीज भरून येत नाही, केवळ ती ऐकू येईनाशी होते.

पंधरा-वीस मिनिटे ट्रक चालवून ऑइल कोमट करावे, म्हणजे तळाशी बसलेला गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. नंतर ट्रक सपाट जागी उभा करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना लाकडी गुटके लावावेत. जॅक शक्यतो लावू नये, कारण एका बाजूने उचललेल्या ॲक्सलची पातळी खोटी दिसते; उचलणे भागच असेल, तर खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्याशिवाय आत शिरू नये. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: खालचा ड्रेन प्लग नव्हे, तर वरचा भरण्याचा प्लग आधी उघडावा. तो गंजून अडकलेला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकले असेल, तर ट्रक जागचा हलवता येत नाही.

ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्यावे आणि टाकण्यापूर्वी नीट पाहावे. ताकासारखे पांढरट झालेले असेल, तर पाणी शिरले आहे. काळे पडून करपल्याचा वास येत असेल, तर ऑइल फार तापलेले आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर जमलेला लगदा बोटांच्या चिमटीत चोळावा. तो राखाडी आणि मऊ लागला, तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना कण टोचले, चकचकीत पापुद्रे दिसले किंवा दाताचा तुकडा निघाला, तर धुण्याचा विचार सोडून असेंब्ली उघडावी.

धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल भरून चाके फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तिच्याविषयी मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते की ती वापरू नये. या पातळ द्रवांत दातांना आणि बेअरिंगना सांभाळणारा थर टिकत नाही. शिवाय त्यांचा काही भाग ॲक्सलच्या नळ्यांत साचून राहतो आणि पुढचे नवे ऑइल पातळ करतो. त्यापेक्षा त्याच दर्जाचे स्वस्तातले जीएल-५ ऑइल पातळीपर्यंत भरावे, अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळा टाळून रिकामा ट्रक दहा-पंधरा किलोमीटर मध्यम वेगाने चालवावा आणि ते गरम असतानाच काढून टाकावे. या फेरीत डावी-उजवी वळणे जरूर घ्यावीत, कारण आतले लहान स्पायडर गियर प्रामुख्याने वळणावरच फिरतात. काढलेले ऑइल अजून पांढरट दिसत असेल, तर हीच फेरी पुन्हा करावी. खर्च वाढतो हे खरे, पण क्राऊन-पिनियनच्या जोडीच्या किमतीपुढे तो नगण्य आहे.

भरण्यापूर्वी ब्रीदर काढून साफ करावा. तो तुंबलेला असेल, तर आतला दाब वाढून नवे सीलही गळू लागते. ड्रेन प्लगला नवा तांब्याचा वायसर लावावा. हातपंपाने ऑइल सावकाश भरावे, ते वरच्या छिद्राच्या खालच्या कडेला येऊन ओघळू लागले की थांबावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे, कारण तेवढ्या वेळात ते ॲक्सलच्या नळ्यांत पसरते आणि पातळी उतरते. पातळीपेक्षा जास्त भरू नये. जादा ऑइल हबच्या सीलमधून ब्रेक लायनरवर उतरले, तर ब्रेक लागत नाही. इंजिनाची ताकद मिळणारे मागचे ॲक्सल दोन असतील, तर दोन्हींची पातळी स्वतंत्रपणे तपासावी.

काढलेले ऑइल गटारात किंवा खाडीकाठी ओतू नये. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे.

बदललेल्या ऑइलवर पाचशे किलोमीटर झाले की पातळी आणि पिनियनचे सील तपासावे. त्यानंतर पहिल्या संधीला थोडे ऑइल काढून चुंबक पुसून पाहावा. त्यावर पुन्हा पापुद्रे आले असतील, तर कसारा किंवा बोरघाट भरल्या ट्रकने चढण्याआधी मेकॅनिककडून असेंब्ली उघडून घ्यावी.