संपूर्ण पवित्र शास्त्र अभ्यासायला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

नवापूर, नंदुरबार, साक्री, धुळे या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) वाढलेल्या मुलामुलींना बायबल अनोळखी नसतं. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ झालेली असतात, तरुण संघाच्या प्रश्नमंजुषेत बक्षिसं मिळालेली असतात, ६६ पुस्तकांची नावं एका दमात म्हणता येतात. पण कॉलेजात आलेल्या याच मुलांना विचारा, हाग्गय कोणत्या काळातला संदेष्टा, किंवा इब्री लोकांस पत्र कशासाठी लिहिलं गेलं? बहुतेक जण गप्प होतात. त्यांचा विश्वास कमी आहे असं अजिबात नाही. शास्त्र त्यांच्या कानावर तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं असतं. रविवारच्या संदेशात एक उतारा, बुधवारच्या घरप्रार्थनेत दुसराच, आणि सकाळी व्हॉट्सअॅपवर फुलांच्या चित्रावर छापलेलं एक वचन. त्या वचनाच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, हे कोणी पाहत नाही.

माझं शिक्षण धुळ्याला झालं. होस्टेलमध्ये आम्ही काही जण मिळून संपूर्ण शास्त्र वाचायला बसलो, आणि तेव्हापासून दर शनिवारी कॉलेजच्या मुलांबरोबर बसणं सुटलेलं नाही. त्या अनुभवातून एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) टाळून नवा करार समजत नाही, आणि प्रभू येशूला ओळखायचं असेल तर त्याने स्वतः जे शास्त्र वाचलं ते आपल्यालाही वाचावं लागतं. अम्माऊस गावाच्या वाटेवर पुनरुत्थित ख्रिस्ताने दोन खचलेल्या शिष्यांना काय दिलं? मोशे आणि सर्व संदेष्टे यांच्यापासून सुरुवात करून शास्त्राचा उलगडा. लूकच्या २४व्या अध्यायातला हा प्रसंग आमच्या अभ्यासाचा पाया आहे.

आधी थोडा हिशोब, कारण आकार पाहूनच पुष्कळ जण घाबरतात. जुन्या करारात ३९ पुस्तकं आणि ९२९ अध्याय, नव्या करारात २७ पुस्तकं आणि २६० अध्याय, एकूण ११८९. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात होतं. पण परीक्षा, प्रॅक्टिकल आणि सुट्टीत शेतीची कामं असणाऱ्या विद्यार्थ्याने दोन वर्षं धरली तरी काही बिघडत नाही. कॅलेंडरवर खुणा करण्याच्या नादात लेवीय नुसतं डोळ्यांखालून घालण्यापेक्षा सावकाश गेलेलं बरं.

पहिल्यांदा वाचताना छापलेल्या क्रमाने जाऊ नका, असं मी सांगतो. पुष्कळ जण उत्पत्ती आवडीने वाचतात, निर्गमच्या २०व्या अध्यायापर्यंत येतात, आणि मग निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) फळ्या, पडदे आणि कड्या यांत अडकून थांबतात. त्यापेक्षा आधी कथेचा कणा वाचून घ्या. उत्पत्ती, निर्गमचा पहिला अर्धा भाग, गणना, यहोशवा, शास्ते, शमुवेलची दोन्ही पुस्तकं, राजांची दोन्ही, एज्रा, नहेम्या, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये. हे झालं की अब्राहामापासून प्रेषित पौल रोमला पोहोचेपर्यंतचा पट डोळ्यांसमोर उभा राहतो. मग बाकीची पुस्तकं त्या पटावर आपापल्या जागी बसवत जायचं.

संदेष्ट्यांच्या बाबतीत याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. छापलेल्या बायबलमध्ये ते सगळे एकापाठोपाठ येतात, पण त्यांच्यात शतकांची अंतरं आहेत. आमोस आणि होशेय वाचताना २ राजे १४व्या अध्यायातला दुसऱ्या यराबाम राजाचा काळ शेजारी उघडून ठेवा. यशयाबरोबर आहाज आणि हिज्कीया या राजांचे अध्याय, म्हणजे २ राजे १६ ते २०. यिर्मयाबरोबर योशीया राजापासून यरुशलेम पडेपर्यंतचा भाग. हाग्गय आणि जखऱ्या यांची नावं तर एज्राच्या ५व्या अध्यायातच आहेत. वहीच्या पहिल्या पानावर तीन सनं मोठ्या अक्षरांत लिहा: इ.स.पू. ७२२ला अश्शूरने इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन घेतली, ५८६ला बाबेलने यरुशलेम जाळलं, ५३८ला पारसाचा राजा कोरेश याने यहुद्यांना परत जाण्याची परवानगी दिली. कोणताही संदेष्टा उघडला की आधी बघायचं, हा या तीन सनांच्या आधीचा की नंतरचा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता रूथचं पुस्तक जरा जवळून पाहू. अध्याय चारच आहेत, एका बैठकीत वाचून होतात. दुष्काळामुळे बेथलेहेमचं एक कुटुंब मवाबात जातं. तिथे घरातले पुरुष मरतात, आणि सासू नामी व सून रूथ हात रिकामे घेऊन परत येतात. सातूची कापणी सुरू असते. रूथ बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. आमच्या गटातल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या मुलांना ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. पोटासाठी गाव सोडून गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं त्यांनी घरातच पाहिलेली आहेत. पण गोष्ट कळली म्हणजे अभ्यास झाला असं नाही. पुढचा प्रश्न विचारायचा: परक्या शेतात शिरून वेचायचा हक्क रूथला कोणी दिला? उत्तर लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे. शेताच्या कडा पूर्ण कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, अशी आज्ञा तिथे आहे. त्याच अध्यायात, थोडं पुढे, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे, जी प्रभूने सर्वांत मोठ्या दोन आज्ञांपैकी एक म्हणून सांगितली. आता दुसरी बाजू. अनुवादाच्या २३व्या अध्यायात मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव आहे, आणि रूथ मवाबी. तरीही तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद राजा. आणि मत्तय नव्या कराराची सुरुवातच ज्या वंशावळीने करतो तिच्यात तामार, राहाब आणि उरीयाची बायको यांच्याबरोबर रूथचंही नाव आहे. ज्या वंशावळीवरून आपण पानं उलटून पुढे जात होतो, तिथेच देवाची कृपा परक्यांपर्यंत कशी पोहोचली ते लिहिलेलं होतं. चार अध्यायांच्या एका पुस्तकाने लेवीय, अनुवाद, शमुवेल आणि मत्तय एकत्र आणले. संपूर्ण बायबलचा अभ्यास असाच होतो. एका पुस्तकातला धागा धरायचा आणि तो कुठे-कुठे जातो ते शोधत राहायचं.

आमोसाच्या बाबतीतही असंच झालं. तकोवाचा मेंढपाळ असलेला हा माणूस उत्तरेच्या राज्यात जाऊन श्रीमंतांना तोंडावर सुनावतो. ८व्या अध्यायात तो व्यापाऱ्यांचं मन उघडं करतो: शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) कधी संपतो आणि आपण धान्य कधी विकतो, माप लहान करू, किंमत वाढवू, काटा खोटा ठेवू. आमच्याकडे कापूस आणि मका विकून आलेल्या घरांतली मुलं हे वाचून सरळ बसली. काटा मारणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. देव या गोष्टीवर इतका संतापतो हे मात्र त्यांनी पहिल्यांदाच वाचलं. त्या दिवशी प्रार्थनेला बसताना कोणाला विषय सुचवावा लागला नाही.

गुड फ्रायडेला आपल्या बहुतेक मंडळ्यांमध्ये वधस्तंभावरच्या सात शब्दांवर, म्हणजे येशूच्या सात उद्गारांवर, मनन होतं आणि तरुणांना एकेक शब्द वाटून दिला जातो. ही अभ्यासाची उत्तम संधी आहे, ती दवडू नका. हे सातही शब्द एका शुभवर्तमानात (येशूचं जीवन सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चार पुस्तकांपैकी एकात) सापडत नाहीत. तीन लूकमध्ये, तीन योहानात, आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हा चौथा मत्तय आणि मार्क या दोघांत. हा चौथा शब्द ज्याच्या वाट्याला येईल त्याने स्तोत्र २२ पूर्ण वाचल्याशिवाय उभं राहू नये, कारण हे वाक्य त्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. तिथे थट्टा करणारे आहेत, परमेश्वर याला सोडवो असं हिणवणारे आहेत, वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकणारे आहेत. आणि शेवट? शेवटी देवाने त्याचा आक्रोश ऐकला, सगळी राष्ट्रं परमेश्वराकडे वळतील, पुढच्या पिढीला त्याचं नीतिमत्त्व सांगितलं जाईल. जो पहिलीच ओळ धरून बोलतो त्याचा संदेश अंधारात संपतो. पूर्ण स्तोत्र वाचलेला तरुण त्याच अंधारातून मंडळीला पुढे घेऊन जातो. मी हे होताना पाहिलं आहे आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

लेवीय कंटाळवाणं वाटतं, हे खरं. उपाय सोपा आहे: त्याचा १६वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि इब्री लोकांस पत्राचे ९वा व १०वा अध्याय एकाच संध्याकाळी वाचा. महायाजक वर्षातून एकदाच, रक्त घेऊन परमपवित्र स्थानात जातो, आणि ख्रिस्त एकदाच, सर्वकाळासाठी. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लेवीय परत कधी कोरडं वाटत नाही.

पत्रं वाचताना प्रेषितांची कृत्ये हाताशी असू द्या. फिलिप्पैकरांस पत्राआधी कृत्ये १६ वाचा: तुरुंगाचा अधिकारी, मध्यरात्रीची गाणी, लुदिया. थेस्सलनीकाकरांस पत्राबरोबर १७, करिंथकरांबरोबर १८, इफिसकरांबरोबर १९ आणि २०. आणि हे लक्षात ठेवा, की पौलाची पत्रं बायबलमध्ये साधारण लांबीच्या क्रमाने लावलेली आहेत. रोमकरांस पत्र पहिलं येतं म्हणून ते पहिलं लिहिलेलं नाही.

साधनं फार लागत नाहीत. बायबल सोसायटीचं नेहमीचं मराठी पवित्र शास्त्र, सोप्या भाषेतलं दुसरं एखादं भाषांतर, एक जाड वही आणि पेन्सिल. दोन भाषांतरं शेजारी ठेवली की कुठे थांबून विचार करायचा ते आपोआप कळतं. बायबलच्या मागचे नकाशे आणि समासातले बारीक अक्षरातले संदर्भ कोणी उघडत नाही, तुम्ही उघडा. मोबाइलवर मराठी बायबल डाऊनलोड करून ठेवा, म्हणजे सातपुड्यात रेंज नसली तरी वाचन थांबणार नाही. अभ्यास मात्र कागदावरच करा, हा माझा आग्रह. मार्कचे १६ अध्याय दीड-दोन तासांत वाचून होतात. नंदुरबारहून जळगावला पॅसेंजरने निघालात तर अमळनेरच्या आसपास मार्क संपलेला असतो. शुभवर्तमान असं सलग वाचल्यावर प्रभूची घाई, त्याच्याभोवतीची गर्दी आणि यरुशलेमकडे वळलेली पावलं यांचा वेग अंगावर येतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी गटात नेहमी देतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुलींचा भार सांभाळत त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ साली, मृत्यूच्या थोडं आधी, ते काम पुरं झालं. एवढ्या व्यापात त्यांना वेळ काढता आला, तर होस्टेलमध्ये राहणाऱ्या आपल्यालाही तो काढता येईल.

एकट्याने अभ्यास करू नका. कृत्यांच्या ८व्या अध्यायात यशया वाचत रथातून जाणारा कूशी अधिकारी फिलिप्पाला विचारतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं समजेल? चार-पाच जणांचा गट पुरे. आमच्या गटात वाचन मराठीतून होतं, चर्चा मात्र अहिराणी, मावची आणि कोकणी या इथल्या बोलींत उतरते, आणि खरी चर्चा तेव्हाच रंगते. गटाला पाळकांचा किंवा एखाद्या वडीलधाऱ्यांचा हात असावा. यहोशवातल्या लढाया, शास्ते १९ची भयानक घटना, स्तोत्र १३७चा शेवट, ही हिंसेची, अवघड ठिकाणं वगळून पुढे जाऊ नका. रूममेट हिंदू किंवा मुस्लिम असेल तर तो याच ठिकाणांबद्दल विचारणार आहे, आणि प्रामाणिकपणे विचारणार आहे. त्याला घाईने उत्तर देण्याआधी स्वतः त्या अध्यायापुढे बसा, प्रार्थना करा, मागचा-पुढचा संदर्भ वाचा. ईयोबाने प्रश्न विचारले म्हणून देवाने त्याला दूर लोटलं नाही.

कोणाला पुढे हेच शिक्षण म्हणून करायचं असेल तर वाट आहे. सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटशी जोडलेल्या सेमिनरींमध्ये (ईशज्ञानाच्या महाविद्यालयांत) बी.टी.एच. आणि बी.डी. या पदव्या करता येतात. आपल्यासाठी पुणे सोयीचं. तिथली युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी यवतमाळला होती आणि १९८३मध्ये पुण्यात आली. जाण्याआधी आपल्या पाळकांशी आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोला, आणि बायबल एकदा तरी पूर्ण वाचून जा. तिथे हिब्रू-ग्रीक शिकताना त्याची किंमत कळते.

प्रकटीकरण शेवटी ठेवा. तरुणांना त्याचीच सगळ्यात घाई असते, श्वापदाचा आकडा आणि कर्णे यांच्यावर रात्र-रात्र वाद होतात. पण त्या पुस्तकातली चित्रं यहेज्केल, दानीएल, जखऱ्या आणि निर्गम यांतून आलेली आहेत. ती चार पुस्तकं वहीत नोंदी करून झाली, की मगच पात्मोसला, म्हणजे योहानाला प्रकटीकरण झालं त्या बेटावर, जा. नवीन गट बसवायचा असेल तर जूनमध्ये, कॉलेज उघडतानाच बसवा. दिवाळीपर्यंत राजांची पुस्तकं होतात आणि नाताळात लूक हातात असतं.