बाळाची कार सीट सुलटी कधी करायची, आणि कशी

‘वर्ष झालं आता, सीट सुलटी केली, म्हणजे बाळाचं तोंड पुढे केलं, तर चालेल ना?’ आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. कारण उघड आहे: इथल्या बऱ्याच गाड्यांमधल्या सीट मीच गुडघा रोवून बसवून दिल्या आहेत. माझं उत्तर ठरलेलं असतं. नाही चालणार. वाढदिवसाचा आणि सीटच्या दिशेचा काडीचाही संबंध नाही.

सीट घेतलेली आहे, ती मागच्या बाकावर आहे आणि बाळ आत्तापर्यंत उलटं, म्हणजे मागे तोंड करून बसतंय, एवढं मी गृहीत धरते. बाळाला मांडीवर घेऊन बसणाऱ्यांसाठी हा लेख नाही. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ब आहे: चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बाल-सीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. पण सीटचं तोंड कुणीकडे हवं, याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

ठरवण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांचे भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात. गाडी समोरून आदळली की पट्टे खांद्यांना अडवतात, पण डोकं पुढे जात राहतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात, धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशी उलटी बसतात, ती याच कारणासाठी.

कधी

सीटच्या बाजूला किंवा तळाला लेबल असतं, बहुधा नारिंगी. वाचायचं ते तिथलं. दुकानदाराचं तोंडी मार्गदर्शन आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे सल्ले बाजूला ठेवा.

सगळा घोळ नऊ किलोच्या आकड्याने घातला आहे. जुन्या युरोपीय आर-४४ नियमाप्रमाणे पुढे तोंड असलेल्या सीटचा गट ९ ते १८ किलोचा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सीटवर हाच आकडा दिसतो. तो वाचून दुकानातला पोरगा बिनधास्त सांगतो, ‘नऊ किलो झालं की फिरवा.’ अरे बाबा, नऊ किलो ही किमान अट आहे. त्याच्या आत फिरवायचीच नाही, एवढाच तिचा अर्थ. नऊ झाले की फिरवलीच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. चांगल्या बाळशाचं मूल दहा-अकरा महिन्यांतच नऊ किलो ओलांडतं. त्या वयात मान काय तयार झालेली असते?

नंतर आलेल्या आर-१२९ नियमाने ही पळवाट बंद केली. मूल १५ महिन्यांहून मोठं होईपर्यंत तोंड मागेच, मग वजन काहीही असो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११मध्ये दोन वर्षांपर्यंत उलटी ठेवा असं सांगितलं होतं. २०१८मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला. आता त्यांचं म्हणणं इतकंच: त्या सीटची उलट्या दिशेची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटीच ठेवा. मीही तेच सांगते. दोन वर्षांच्या आत फिरवायचीच नाही, आणि दोन पूर्ण झाली तरी मर्यादा शिल्लक असेल तर घाई कशाला?

आता मर्यादा तपासा. वजनाचं सोपं आहे: काट्यावर आधी तुम्ही एकटे, मग बाळाला घेऊन, वजाबाकी करा. पण खोक्यावर ‘० ते १८ किलो’ छापलंय म्हणून उलटी १८ पर्यंत चालते असं समजू नका. बऱ्याच सीट उलट्या दिशेला १३ किलोपर्यंतच असतात, पुढचे किलो सुलट्या दिशेचे. उलट्या दिशेचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच पाहा. तेरा म्हणजे फारच कमी, असंही वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो आहे आणि मुलीचं ११.५. म्हणजे बहुतेकांची दोन वर्षं तेरा किलोच्या सीटमध्येही निघतात.

उंचीला मात्र फूटपट्टी पुरत नाही. बाळाला सीटमध्ये पाठ टेकवून बसवा आणि डोक्याचा माथा पाहा. माथा सीटच्या वरच्या कडेपासून दोन बोटांवर आला की उलट्या दिशेचे दिवस संपले. मॅन्युअलमध्ये वेगळं माप दिलं असेल तर ते धरा. वजन आणि माथा यातलं जे आधी गाठलं जाईल ते खरं.

एक अपवाद आहे. हँडल असलेलं छोटं कॅरियर लहान पडलं, तर ते सुलटं करता येतच नाही. अशा वेळी, किंवा दोन वर्षांच्या आतच मर्यादा संपली तर, मोठी सीट आणा आणि तीही आधी उलटीच बसवा.

यावर घरातून तीन हरकती येतात. आजी म्हणतात, ‘अगं, पाय बघ कसे दुमडलेत त्याचे!’ आजी, तो घरीही मांडी घालून नाहीतर पाय पोटाशी घेऊनच बसतो, त्याला काहीही होत नाही. दुसरी हरकत, त्याला बाहेरचं दिसत नाही. दिसतं, मागच्या आणि बाजूच्या काचेतून. तिसरी हरकत खास पुणेरी: शहरात एवढा वेग असतोच कुठे? कर्वे रस्त्यावर नसेल. पण तीच गाडी रविवारी बायपासने नवले पुलाच्या उतारावर असते आणि सुट्टीत शंभरची मर्यादा असलेल्या एक्स्प्रेस-वेवर.

कशी

मर्यादा संपली. आता सीट पूर्ण बाहेर काढा. जागच्या जागी फिरवायला जाऊ नका. फिरणाऱ्या तळाची सीट असेल तर गोष्ट वेगळी. सीटचा कल मॅन्युअलमध्ये सुलट्या दिशेसाठी सांगितला असेल तेवढा उभा करा.

खांद्याचे पट्टे हलवा. उलट्या दिशेला ते खांद्याच्या पातळीला किंवा थोडे खाली असतात, सुलट्या दिशेला खांद्याच्या पातळीला किंवा थोडे वर हवेत. पट्टे सीटच्या पाठीमागून सोडवून वरच्या खाचेत ओवावे लागतात. हे काम जवळजवळ सगळेच विसरतात.

सीट आयसोफिक्सची, म्हणजे बेल्टशिवाय थेट गाडीच्या कड्यांत अडकणारी असेल तर सीटचे दोन्ही दांडे बाकाच्या खाचांत घाला, क्लिक होऊन खूण हिरवी झाली पाहिजे. खाचा सापडत नसतील तर गाडीला चढवलेलं रेक्झिनचं जाड कव्हर उचकटून पाहा. अ‍ॅक्सेसरीवाल्याने ते त्यांच्यावर बेधडक शिवलेलं असतं.

गाडीच्या बेल्टने बसणारी सीट असेल तर खरी कसोटी इथे आहे. सुरुवातीला मलाही याच टप्प्याने रडवलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेल्टचा मार्ग बदलतो. उलट्या दिशेचा निळ्या खुणांनी दाखवलेला असतो, सुलट्या दिशेचा लाल. लोक सीट फिरवतात आणि बेल्ट सवयीने निळ्या मार्गातूनच नेतात. अशी सीट वरवर घट्ट वाटते, धडकेत मात्र उपडी होते. तेव्हा लाल खूण शोधा. कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही भाग एकीकडून आत घाला, सीटच्या पाठीमागून किंवा बुडाखालून, जसा मार्ग असेल तसे, दुसरीकडे काढा आणि बकलमध्ये अडकवा. बेल्टला पीळ पडू देऊ नका. एकही नाही.

मग सीटमध्ये गुडघा रोवा. अंगाचा भार टाका, नुसता हाताचा दाब पुरत नाही. त्याच वेळी बकलपाशी खांद्याचा पट्टा हातात धरून ओढा, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचा ढिलेपणा त्यातून निघतो. तो निघाला की उरलेला पट्टा गाडीच्या खांबाकडे ओढून रिळात जाऊ द्या. आपल्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट फक्त झटका बसला की अडतात, सावकाश ओढले की सैल सुटत राहतात. त्यामुळे सीटवरची लॉकची क्लिप लावल्याशिवाय गुडघा उचलायचा नाही. क्लिप लावण्याआधी उठलात की केलेली सगळी मेहनत पाण्यात.

एवढं करूनही सीट डुगडुगत असेल तर आधी बकल पाहा. बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं पडलं की तिथेच अडतं आणि बेल्ट घट्ट होतच नाही. अशी कार आणि सीट एकमेकींना जुळत नाहीत, मॅन्युअलमध्ये चालेल असं स्पष्ट म्हटलं नसेल तर दुसऱ्या जागी बसवून पाहा. दुसरा गुन्हेगार गाडीचा हेडरेस्ट: तो सीटला पुढे ढकलतो. मॅन्युअलला मंजूर असेल तर काढून डिकीत टाका. तिसरा, ते रेक्झिनचं कव्हर. त्यावर सीट घसरते. मी तर कव्हर काढायलाच सांगते, नवरेमंडळी कितीही हळहळोत.

तपासायचं कसं? सीटच्या वरच्या टोकाला धरून हलवू नका, ते थोडं हलणारच. बेल्ट जिथून जातो तिथे धरा आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. बोटभरापेक्षा जास्त हललं तर पहिल्यापासून.

सीटला टॉप टेथर, म्हणजे तिच्या वरच्या टोकातून मागे गाडीच्या कडीला लागणारा पट्टा असेल तर तो लावाच, त्याने धडकेत डोकं पुढे झेपावणं कमी होतं. टेथरची कडी हॅचबॅकमध्ये मागच्या बाकाच्या पाठीमागे असते, सेडानमध्ये मागच्या काचेखाली झाकणाखाली. सामान बांधायच्या हुकाला लावू नका, जहाजाच्या नांगराची खूण असलेलीच कडी वापरा. टेथरऐवजी सपोर्ट लेग, म्हणजे सीटखालून निघणारा टेकूचा पाय असेल तर तो गाडीच्या जमिनीला भक्कम टेकला पाहिजे. जमिनीत सामानाचा कप्पा असेल, तर गाडीचं मॅन्युअल चालेल म्हणतं का ते आधी पाहा.

बाळाला बसवून पट्टे ओढा. खांद्यावर पट्ट्याची चिमूट हातात आली तर तो सैल आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बकलचं धातू तापून चटका देतं, म्हणून सीटवर सुती कापड टाकून ठेवा.

सुलटी झाली म्हणून सीट पुढच्या बाकावर आणू नका. उलटी सीट तर चालू एअरबॅगच्या समोर कधीच ठेवायची नाही. आजोबांच्या गाडीत बसवताना पहिल्यापासून सगळं पुन्हा करा, कारण त्यांच्या बाकाचा उतार आणि बकलची जागा वेगळी असते.

सुलटी सीट तिची मर्यादा संपेपर्यंत चालवा, बहुतेकींची १८ किलो. त्याआधीच खांदे वरच्या खाचेच्या वर गेले किंवा कान सीटच्या वरच्या कडेला टेकले तरी ती संपली. मग बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचा बेल्ट नीट बसवणारी बैठक. थेट मोठ्या माणसांचा बेल्ट नाही, तो साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत नीट बसत नाही, पोटावर आणि गळ्यावर येतो.