दुसऱ्याने बनवलेली पगाराची एक्सेल फाइल हाती आली तर

लहान कारखान्यांत, दवाखान्यांत, शाळांत, पतसंस्थांत पगार अजूनही एक्सेलवर निघतो. कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी चार कॉलमची फाइल सुरू केलेली असते. पुढे त्यात ओव्हरटाइम येतो, उचल येते, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, प्रोफेशनल टॅक्स, बोनस येतो आणि एक दिवस ती फाइल बनवणारा माणूस निवृत्त होतो. पेन ड्राइव्ह तुमच्या हातात येतो आणि पगार सात तारखेच्या आत व्हायचा असतो.

मी अशी फाइल दोनदा ताब्यात घेतली आहे. पहिल्या खेपेला घाई केली आणि त्याची झळ दुसऱ्यांच्या खिशाला बसली. तेव्हापासून एक गोष्ट धरून चालतो: जुन्या फाइलमध्ये विचित्र दिसणारी प्रत्येक गोष्ट चूक असतेच असं नाही, बरेचदा तो कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय असतो. म्हणून आधी वाचायचं आणि मगच हात लावायचा. उदाहरणं पगाराची घेतली आहेत, पण गोदामाचा साठा असो, शाळेची फी असो की सोसायटीची मेंटेनन्सची बिलं, पद्धत हीच.

पहिला दिवस: कॉपी करा, बाकी काही नको

मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रीड ओन्ली’ करा आणि काम कॉपीवरच करा. कॉपीच्या नावात तारीख घाला, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीने लागतात. ‘पगार फायनल’, ‘पगार फायनल नवीन’, ‘पगार फायनल खरी’ अशा नावांच्या पाच फाइली सापडल्या, तर गेल्या महिन्यात बँकेला पाठवलेल्या यादीशी जिची बेरीज रुपयापर्यंत जुळते ती खरी.

सोबत मागच्या तीन महिन्यांच्या छापील पगारस्लिपा, बँकेची यादी आणि पीएफ-ईएसआयची चलनं काढून ठेवा. पुढे प्रत्येक पायरीवर ती लागतात.

नकाशा काढा, कागदावर

फाइलमध्ये किती टॅब आहेत ते मोजा. कुठल्याही टॅबवर राइट क्लिक करून ‘अनहाइड’ पाहा, लपवलेले टॅब तिथे दिसतात. काही टॅब तिथेही दिसत नाहीत, ते ऑल्ट आणि एफ ११ दाबून उघडणाऱ्या व्हिज्युअल बेसिकच्या खिडकीतच सापडतात. ‘डेटा’ मेन्यूत ‘एडिट लिंक्स’ (नव्या एक्सेलमध्ये ‘वर्कबुक लिंक्स’) हा पर्याय जागा असेल, तर ही फाइल दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमधून आकडे घेते आहे. ती दुसरी फाइल निवृत्त माणसाच्या जुन्या कॉम्प्युटरवर असू शकते आणि तो कॉम्प्युटर भंगारात जायच्या आधी ती काढून घ्यायला हवी. कंट्रोल आणि एफ ३ दाबलं की फाइलमधल्या नाव दिलेल्या रेंज दिसतात. तिथे एखाद्या नावापुढे ‘रेफ’ची, म्हणजे मूळ सेल हरवल्याची एरर असेल तर लिहून ठेवा, लगेच पुसू नका.

आता एक कोरा कागद घ्या. प्रत्येक टॅबसाठी एक चौकोन काढा आणि आकडा कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवा. मस्टरवरून हजेरी, हजेरीवरून ओव्हरटाइम, तिथून एकूण पगार, मग कपाती, मग निव्वळ पगार, मग बँकेची यादी आणि चलनं. ज्या चौकोनात बाण येतो पण निघत नाही, तो एकतर शेवटचा रिपोर्ट असतो किंवा कुणीच वापरत नसलेला अडगळीचा टॅब.

फाइल बनवणारी व्यक्ती फोनवर मिळत असेल तर हा कागद समोर ठेवून तासभर बोला. ‘ही फाइल समजावून सांगा’ असं म्हटलं तर समोरच्याला कुठून सुरुवात करावी कळत नाही. ‘पगार काढताना पहिलं बटण कुठलं दाबायचात?’ असं विचारलं की सगळं ओघाने बाहेर येतं.

फॉर्म्युले वाचा

कंट्रोल धरून एस्केपच्या खालचं तिरकी खूण असलेलं बटण दाबा. आकड्यांच्या जागी सगळे फॉर्म्युले दिसू लागतात. एक कॉलम घ्या आणि वरून खाली नजर फिरवा. सगळ्या रांगांत एकच ठेवण असायला हवी. जिथे ती मोडते तिथे थांबा.

आमच्या फाइलमधला प्रोफेशनल टॅक्सचा कॉलम सांगतो. महाराष्ट्रात महिन्याला १०,००० रुपयांच्या वर पगार असेल तर २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात. महिलांसाठी १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत हा कर माफ आहे. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. फॉर्म्युला असा बोलत होता: ‘महिला असेल आणि पगार २५,००० पर्यंत असेल तर शून्य, नाहीतर महिना दुसरा असेल तर ३००, एरवी २००’, आणि त्याच्या आत पुरुषांच्या खालच्या टप्प्यांचं आणखी एक ‘इफ’.

पहिल्या चाळीस रांगांत २५,००० होतं. शेवटच्या दोन रांगांत १०,०००. त्या दोन रांगा पॅकिंग खात्यात जुलैमध्ये लागलेल्या दोन महिलांच्या होत्या. नवी माणसं घालताना कुणीतरी जुन्या वर्षाच्या फाइलमधून रांग उचलून आणली होती आणि तिच्यासोबत जुना आकडाही आला होता. नोव्हेंबरात हे सापडलं तोवर प्रत्येकीचे चार महिन्यांचे मिळून ८०० रुपये उगाच कापले गेले होते. चौदा हजार पगारात ८०० रुपये म्हणजे घरातला महिनाभराचा गॅस. पुढच्या पगारात ते परत केले, पण त्यांनी विचारलं नसतं आणि आम्ही कॉलम वाचला नसता, तर ते गेलेच होते.

दुसरी खूण आहे फॉर्म्युल्याच्या जागी हाताने टाइप केलेला आकडा. कॉलम निवडा, एफ ५ दाबा, ‘स्पेशल’मध्ये ‘कॉन्स्टंट्स’ निवडा. असे सगळे सेल एकदम उजळतात.

इथेच मी पहिल्या खेपेला चुकलो. ईएसआयच्या कॉलममध्ये एका ऑपरेटरच्या नावापुढे १६८ हा आकडा नुसता टाइप केलेला होता. त्याचा पगार २२,३०० आणि ईएसआयची मर्यादा २१,०००. मला वाटलं, याला ईएसआय लागतच नाही, कुणीतरी चुकून कापतंय. मी १६८ पुसला, वरचा फॉर्म्युला खाली ओढला, शून्य आलं आणि मी समाधानाने पुढे गेलो. चलन भरताना माणूस कमी भरला म्हणून फाइल बनवणाऱ्या निवृत्त काकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, त्याची पगारवाढ जुलैत झाली ना? मग सप्टेंबरपर्यंत कापायचंच.”

त्यांचं बरोबर होतं. ईएसआयचे वर्गणीचे काळ दोन असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या मध्येच पगार मर्यादेच्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि त्या माणसाचं दवाखान्याचं संरक्षणही. २२,३०० चे पाऊण टक्का म्हणजे १६७ रुपये २५ पैसे, वरच्या रुपयाला नेले की १६८. तो आकडा कायदा जाणणाऱ्या माणसाने लिहिला होता. फक्त कारण कुठेच लिहिलं नव्हतं. मी नंतर ‘ईएसआय कधीपर्यंत’ असा तारखेचा एक कॉलम घातला आणि फॉर्म्युल्याला तो वाचायला लावला. आता हाताने काही टाइप करावं लागत नाही.

दर फॉर्म्युल्यातून बाहेर काढा

नियम बदलला की बदलतात ते आकडे फॉर्म्युल्याच्या पोटात नकोत. ‘दर’ नावाचा एक टॅब करा. त्यात चार कॉलम ठेवा: कशाचा दर, किती, कधीपासून लागू, कुठल्या परिपत्रकावरून. पीएफची पगारमर्यादा १ सप्टेंबर २०१४ ला ६,५०० ची १५,००० झाली. ईएसआयचे दर १ जुलै २०१९ पासून कामगाराचा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के झाले, आधी ते १.७५ आणि ४.७५ होते. नवा दर आला की जुन्यावर लिहू नका, खाली नवी ओळ घाला. मागच्या काळाची थकबाकी काढायची वेळ येते तेव्हा त्या काळचा दर लागतो.

जिथे फाइल न बोलता फसवते

एरर दिसली तर माणूस सावध होतो. त्रास होतो तो एरर न दाखवणाऱ्या चुकांचा.

बेरजेची रेंज शेवटच्या रांगेच्या आधीच संपणे ही सर्वांत जुनी चूक. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावर गाजलेला निबंध लिहिला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागवून तपासली, तेव्हा सरासरीचा फॉर्म्युला ४९ व्या रांगेऐवजी ४४ व्या रांगेला थांबलेला आढळला. पाच देश सरासरीत आलेच नव्हते. आपल्याकडे हे शेवटच्या ओळीखाली नवा कामगार घातला की होतं. उपाय सोपा आहे: यादी निवडून कंट्रोल आणि टी दाबा, तिचं टेबल करा. मग खाली माणूस घातला की टेबल वाढतं आणि त्यावरचे फॉर्म्युलेही त्याला धरतात.

दुसऱ्या यादीतून आकडा शोधून आणणाऱ्या व्हीलूकअप फॉर्म्युल्यात शेवटी ‘फॉल्स’ लिहिलेलं नसेल तर ते तंतोतंत जुळणी शोधत नाही, जवळचं काहीतरी उचलतं. कामगाराचा तिकीट नंबर सापडला नाही तर दुसऱ्याच माणसाचा दर येऊ शकतो. एरर झाकणारं ‘इफ-एरर’ लावून शून्य दाखवलेलं असेल तर नाव न सापडल्याची बातमीच दाबली जाते. तिथे शून्याऐवजी ‘तपासा’ हा शब्द येऊ द्या.

बँक खात्याचे नंबर नेहमी ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवा. एक्सेल आकड्याचे १५ अंकच लक्षात ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो आणि सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळतं. नंतर फॉरमॅट बदलून गेलेला अंक परत येत नाही.

जुन्या ‘एक्सएलएस’ फाइलमध्ये ६५,५३६ च रांगा मावतात, २००७ पासूनच्या ‘एक्सएलएसएक्स’मध्ये १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले, ते जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये मावले नाहीत म्हणून. पगाराला इतक्या रांगा लागत नाहीत, पण बायोमेट्रिक मशीनची वर्षभराची नोंद सहज लागते.

आणि सॉर्ट. मी एकदा हजेरीच्या टॅबवर नावं आद्याक्षराने लावायला गेलो. मधला एक कॉलम सुटसुटीत दिसावं म्हणून रिकामा सोडलेला होता. यादी तिथेच संपली असं एक्सेलने धरलं. डावीकडची नावं हलली, उजवीकडचे ओव्हरटाइमचे तास जागच्या जागी राहिले. तासांची बेरीज तीच, माणसांची संख्या तीच. रात्रपाळीच्या वॉचमनचे ४६ तास ऑफिसातल्या टायपिस्टबाईंच्या नावावर दिसले म्हणून कळलं. रिकामे कॉलम आणि जोडलेले, म्हणजे ‘मर्ज’ केलेले सेल आकड्यांच्या यादीतून काढून टाका.

बदल करायचा तो असा

एका वेळी एकच बदल. आधी जुन्या फाइलने गेल्या महिन्याचा पगार काढा, मग बदललेल्या फाइलने तोच महिना काढा आणि दोन्हींतला माणसागणिक फरक एका कॉलममध्ये वजा करून पाहा. जिथे फरक यायला हवा तिथेच तो आला पाहिजे. ‘बदल’ नावाच्या टॅबमध्ये तारीख, काय बदललं, का बदललं आणि कुणी सांगितलं हे लिहा. ‘का’ हा रकाना कधी रिकामा सोडू नका. तो १६८ चा आकडा आठवा.

शिवाय एक ‘पडताळा’ टॅब करा. निव्वळ पगाराची बेरीज वजा बँकेच्या यादीची बेरीज, मस्टरवरची माणसं वजा पगारपत्रकावरची माणसं, पीएफची कपात वजा चलनातली कामगारांच्या वाट्याची रक्कम. सगळीकडे शून्य हवं, नसेल तर सेल लाल व्हावा. तो टॅब पूर्ण शांत असल्याशिवाय बँकेला यादी पाठवायची नाही, साहेब कितीही घाई करोत.

फॉर्म्युल्यांच्या सेलना शीट प्रोटेक्शन लावा, पण ते चुकून बोट लागण्यापुरतंच आहे, त्याचा पासवर्ड काढणं अवघड नसतं. पगाराची गुप्तता राखायची तर फाइल उघडण्याचाच पासवर्ड द्या आणि ती व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

दोघंतिघं एकाच वेळी त्यात लिहू लागले, किंवा माणसं दीडशेच्या पुढे गेली, की पगाराचं सॉफ्टवेअर घेण्याचा विषय काढा. तेव्हाही तीन महिने दोन्हीकडे पगार काढून जुळवायचा.

शेवटचं काम आजच करून ठेवता येईल. फाइलच्या अगदी पहिल्या जागी ‘आधी हे वाचा’ असा टॅब घाला. महिन्याच्या कुठल्या तारखेला काय करायचं, कुठल्या टॅबमध्ये लिहायचं, कुठल्यात लिहायचं नाही, कुठले आकडे दरवर्षी एप्रिलमध्ये बदलायचे, अडलं तर कुणाला विचारायचं, सगळं साध्या मराठीत. मग ऑफिसातल्या दुसऱ्या कुणालातरी तेवढाच टॅब देऊन एक महिना पगार काढायला बसवा, तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका. जिथे ते अडतील आणि तुमच्याकडे बघतील, ती ओळ टॅबमध्ये लिहायची राहिली आहे. ती तिथेच, त्याच क्षणी लिहा.