एफआरपी टाकी येण्याआधी: द्रावक निष्कर्षणाच्या टाकीसाठी तयारीची यादी

द्रावक निष्कर्षणाच्या, म्हणजे सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या पद्धतीने तांबे शुद्ध करण्यासाठी फायबरग्लासची, आपण सगळे जिला एफआरपी म्हणतो ती, टाकी बसवायची असेल तर तयारी टाकी दारात येण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू करावी. ही यादी मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या अशा एका लहान युनिटच्या देखभालीच्या अनुभवातून लिहीत आहे. येथे भंगारातले आणि प्लेटिंगच्या गाळातले तांबे गंधकाम्लात उतरवतात, केरोसिनमध्ये विरघळवलेल्या ऑक्झाइम जातीच्या रसायनाने ते उचलून घेतात आणि पुन्हा तीव्र आम्लात सोडून विद्युतविच्छेदनाकडे पाठवतात. पुढे सगळीकडे तीन मीटर व्यासाची आणि साडेतीन मीटर उंचीची, म्हणजे सुमारे २५ घनमीटरची टाकी गृहीत धरली आहे.

सर्वांत आधी, मागणीपत्र लिहिण्यापूर्वी, टाकीत काय काय राहणार आहे याचे एक पान तयार करावे. त्यात आम्लाचे प्रमाण, तांबे, क्लोराइड, सेंद्रिय द्रावणातल्या, म्हणजे केरोसिनच्या मिश्रणातल्या, रसायनाचे आणि ते ज्यात विरघळवतात त्या पातळकाचे नाव, द्रवाची घनता आणि जास्तीत जास्त तापमान हे सगळे असावे. तांबे सोडवून घेणाऱ्या आम्लात दर लिटरला साधारण १८० ग्रॅम गंधकाम्ल असते, त्यात तांबे मिसळले की घनता १.२ च्या आसपास जाते. म्हणजे पाण्यासाठी हिशेब केलेल्या टाकीच्या बुडावर वीस टक्के जादा भार येतो. क्लोराइडचा आकडा लपवू नये. आम्लात क्लोराइड आले की चांगले स्टेनलेस स्टीलही खड्डे पडून गळते, आणि एफआरपीकडे वळण्याचे निम्मे कारण तेच आहे. उरलेले निम्मे कारण केरोसिन. नैसर्गिक रबराचे अस्तर केरोसिनने फुगते, एचडीपीई प्लास्टिक मऊ पडते. आम्ल आणि तेल दोन्ही एकाच भिंतीने सोसायचे असल्यामुळे रेझिन साध्या आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टरचे घेऊ नये, व्हायनिल एस्टर घ्यावे. तापमान जास्त असेल किंवा पातळकात ॲरोमॅटिक भाग बराच असेल, तर नोव्होलॅक जातीचे व्हायनिल एस्टर घ्यावे. तयार केलेले पान रेझिन कंपनीला पाठवून रेझिनची शिफारस लेखी मागवावी; टाकी बनवणाऱ्याच्या तोंडी खात्रीवर थांबू नये. तापमानाच्या रकान्यात प्रक्रियेचे ४० अंश लिहून मोकळे होणे सोलापुरात धोक्याचे आहे, कारण मे महिन्यात सावलीतच ४२ अंशांच्या वर पारा जातो आणि उघड्यावर उभ्या असलेल्या टाकीची पश्चिमेकडची भिंत त्याहून बरीच जास्त तापते.

मागणीपत्रात भिंतीच्या थरांचे वर्णन मिलिमीटरसह लिहून घ्यावे, आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. टाकीची भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी तिचे काम दोन भागांत वाटलेले असते. द्रवाला लागून असलेला आतला सुमारे अडीच मिलिमीटरचा थर आम्ल अडवतो आणि त्यामागची जाड भिंत वजन पेलते. आतल्या थरात सर्वांत पुढे सी-ग्लासचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ पडदा असतो, ज्यात नव्वद टक्के रेझिनच असते, आणि त्यामागे चॉप्ड मॅटचे, म्हणजे तुकडे केलेल्या काचधाग्यांच्या चटईचे, किमान दोन थर. काच जितकी जास्त तितकी भिंत मजबूत, पण रेझिन जितके जास्त तितकी ती आम्लाला दाद देत नाही, म्हणून हे दोन भाग एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. भाव कमी करण्यासाठी कोणी आतला पडदा गाळून तेवढीच जाडी गुंडाळलेल्या धाग्याने भरून दिली, तर टाकी वजनाला टिकेल, पण आम्ल काचेच्या धाग्यांच्या कडेने वातीसारखे आत शिरेल. रचनेचा हिशेब एएसएमई आरटीपी-१ किंवा एएसटीएम डी ३२९९ या मानकाप्रमाणे केला आहे असे लिहून घ्यावे आणि हिशेबाची प्रत मागवावी.

टाकी बनत असताना निदान दोनदा बनवणाऱ्याच्या शेडमध्ये जावे: एकदा आतला थर पूर्ण झाल्यावर, पण बाहेरचा धागा गुंडाळायला सुरुवात होण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा टाकी तयार झाल्यावर. उन्हाळ्यात पहिल्या भेटीची वेळ सकाळची ठेवावी. दुपारच्या उकाड्यात रेझिन भांड्यातच दही लागल्यासारखे घट्ट होऊ लागते आणि कारागीर घाईने रोलर फिरवतो. तेव्हाच मॅटमध्ये हवेचे बुडबुडे अडकून राहतात. रेझिनचे पिंप कोठे ठेवले आहेत, त्यावरची मुदत कोणती आहे आणि हार्डनर मापून घातला जातो की अंदाजाने, हेही त्याच भेटीत पाहावे. ओघात एक गोष्ट सांगतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे: हार्डनर म्हणून वापरले जाणारे एमईके पेरॉक्साइड आणि कोबाल्टचे ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू देऊ नये, त्याने स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि नंतरच पेरॉक्साइड घालावे. आपल्या माणसांना हे माहीत असेल असे समजू नये, विचारून घ्यावे.

दुसऱ्या भेटीला जाताना खिशात एक रुपयाचे नाणे, सोबत चांगली टॉर्च, थोडे ॲसिटोन, स्वच्छ पांढरा कपडा आणि कठीणता मोजणारे बार्कोलचे उपकरण असावे. नाण्याने भिंतीवर वीतभर अंतराने टकटक करत गेल्यास भरीव जागेचा आवाज खणखणीत येतो आणि थर सुटलेल्या जागेचा बोदा येतो. तेथे खडूने वर्तुळ काढावे. आतून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरली की बुडबुडे आणि कोरडे राहिलेले पांढरट धागे लगेच नजरेत येतात. ॲसिटोनचे दोन-चार थेंब आतल्या पृष्ठभागावर घासून ते उडून जाऊ द्यावेत आणि बोट लावून पाहावे. चिकट लागले तर रेझिन कच्चे आहे. शेवटी बार्कोल कठीणता एएसटीएम डी २५८३ प्रमाणे निरनिराळ्या ठिकाणी मोजावी. रेझिन कंपनीने दिलेल्या आकड्याच्या निदान नव्वद टक्के ती भरली पाहिजे, व्हायनिल एस्टरला साधारण ३० ते ३५ असा आकडा येतो. कमी भरली तर टाकी घेऊन येऊ नये, गरम हवेचे पोस्ट-क्युअर, म्हणजे टाकी तापवून रेझिन पक्के करणे, उरकून पुन्हा मोजायला सांगावे. द्रावक निष्कर्षणाच्या टाकीला मी पोस्ट-क्युअर तसेही अटीतच घालतो, कारण कच्च्या भिंतीतून सुटणारे स्टायरीन सेंद्रिय द्रावणात उतरू नये.

इकडे टाकी बनत असताना पायाचे काम चालू असले पाहिजे. सोलापूरच्या काळ्या मातीला पावसाळ्यात फुगण्याची आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढी फाटण्याची सवय आहे. त्या मातीवर उथळ कोबा करून सपाट बुडाची टाकी ठेवली, तर पहिल्याच वर्षी एक बाजू खचते आणि बुड व भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर ताण येतो. म्हणून माती काढून खाली कठीण मुरूम लागेपर्यंत जावे आणि मुरमावरच काँक्रीट घ्यावे. काँक्रीटला २८ दिवस मिळालेच पाहिजेत. तारखा अशा धराव्यात की जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत मजूर कमी असले तरी पाणी मारणे चुकणार नाही. वरचा पृष्ठभाग गवंड्याच्या पाण्याच्या नळीने आठ ठिकाणी तपासावा आणि पूर्ण व्यासात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार स्वीकारू नये. टाकी ठेवण्यापूर्वी त्यावर रबरी शीट किंवा न आकसणाऱ्या ग्राउटचा ओला थर घ्यावा, म्हणजे बुडाला सगळीकडे टेकू मिळतो. शीटखाली राहिलेला हरभऱ्याएवढा खडासुद्धा २५ टन पाण्याखाली बुडाला खालून टोचत राहतो. भोवती आम्लरोधक विटांचे कुंड बांधावे. त्यात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत साडेसत्तावीस घनमीटर, द्रव मावला पाहिजे.

वाहतुकीच्या आदल्या दिवशी हायड्रा क्रेनवाल्याला बोलावून उतरवण्याची जागा दाखवावी आणि नायलॉनचे रुंद बेल्ट हजर आहेत की नाही हे स्वतः पाहावे. तारेचा दोर किंवा साखळी टाकीला लावू देऊ नये, नोझलला, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाला, धरून उचलू देऊ नये आणि जमिनीवर लोळवू देऊ नये. ट्रकवर टाकी वाळूच्या पोत्यांवर किंवा गादीसारख्या पट्ट्यांवर बसवलेली असावी. उतरवल्यावर लगेच, गाडी जाऊ देण्यापूर्वी, आतून पाहणी करावी, कारण बाहेरून बसलेल्या धक्क्याची खूण बाहेर दिसत नाही. आतल्या पृष्ठभागावर मात्र चांदणीच्या आकाराच्या बारीक भेगा उमटतात आणि आम्ल तेथूनच आत घुसते.

नोझलची जोडणी हे घाईचे काम नाही. एफआरपी फ्लँजला, म्हणजे नोझलच्या बोल्ट लावायच्या कडेला, सपाट तोंडाचाच फ्लँज जोडावा, उंच तोंडाचा पोलादी फ्लँज आवळला की एफआरपीची कड तडकते. प्रत्येक बोल्टखाली वॉशर असावा आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. गॅस्केट पूर्ण तोंडाचे आणि व्हिटॉन रबराचे असावे. दुकानदार आम्लासाठी ईपीडीएम रबर चालते असे सांगतो आणि नुसत्या आम्लासाठी ते खरेही आहे, पण केरोसिन लागताच ईपीडीएम फुगून बाहेर येते. पंपाची आणि पाइपची वजने नोझलवर टेकू नयेत म्हणून त्यांचे आधार टाकी येण्याआधीच रोवलेले असावेत.

व्हेंटचा, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीचा, हिशेब मी दोनदा करतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात रंगकामाच्या वेळी धूळ आत जाऊ नये म्हणून कोणीतरी व्हेंटच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली आणि ती सोडायची राहिली. रात्रपाळीला पंप सुरू झाला, द्रव खाली जाऊ लागला, हवा आत येईना आणि टाकीची छाती आतल्या बाजूला दबली. सकाळी मी पाहिले तेव्हा पिशवी व्हेंटच्या नळीत तळहातभर ओढली गेलेली होती. आतला थर तीन ठिकाणी फाटल्याने ती टाकी पुन्हा वापरता आली नाही. तेव्हापासून व्हेंट भरण्याच्या आणि उपसण्याच्या, दोन्हीपैकी मोठ्या वेगाला पुरेसा ठेवावा, त्याचे तोंड खाली वळवून जाळी लावावी, आणि पहिल्यांदा पंप सुरू करण्यापूर्वी एकाने वर चढून व्हेंटला हात लावून आल्याची नोंद वहीत करावी, असा आमचा नियम आहे.

आगीची तयारी पाणी भरण्याच्या आधीची आहे, नंतरची नाही. ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅम येथील द्रावक निष्कर्षण विभागाला डिसेंबर १९९९ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २००१ मध्ये मोठी आग लागली. त्यानंतर प्लास्टिकच्या नळांतून वाहणाऱ्या केरोसिनमध्ये साठणाऱ्या स्थिर विजेचा विचार अशा कारखान्यांच्या रचनेत गांभीर्याने होऊ लागला. केरोसिन आणि एफआरपी दोन्ही विजेचे रोधक असल्याने जमा झालेल्या भाराला जायला वाट लागते. म्हणून सेंद्रिय द्रावणाच्या टाकीत आतल्या पडद्याबरोबर कार्बनचा विद्युतवाहक पडदा घालून तो अर्थिंगला जोडावा, आणि हे मागणीपत्रातच लिहावे, कारण टाकी झाल्यावर ते करता येत नाही. भरणीची नळी टाकीच्या बुडापर्यंत न्यावी आणि तिचे तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवावा. पातळकाचा प्रज्वलनांक (फ्लॅश पॉइंट) २३ ते ६५ अंशांमध्ये असल्यास तो पेट्रोलियम नियमांनुसार ‘ब’ वर्गात, त्यावर ९३ अंशांपर्यंत ‘क’ वर्गात येतो. त्यानुसार परवाना लागतो का हे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या, नियमांत पाहून अर्ज वेळेत करावा.

पाण्याच्या चाचणीला २५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे अडीच टँकर, लागतात. उन्हाळ्यात सोलापुरात हे पाणी सहज मिळत नाही, म्हणून शेजारच्या टाकीची चाचणीही त्याच वेळी ठेवावी, म्हणजे तेच पाणी पुढे ढकलता येते. पाव, अर्धी आणि पाऊण टाकी भरल्यावर प्रत्येक वेळी थांबून पायावरच्या चार खुणांची पातळी पाहावी. पूर्ण भरल्यावर २४ तास ठेवून प्रत्येक नोझल कोरड्या कापडाने पुसून तपासावे. पाणी काढल्यानंतर आत जायचे असेल तर बंदिस्त जागेत उतरण्याची पूर्ण तयारी हवी. परवाना चिठ्ठी, वायुवीजन, १९.५ टक्क्यांपेक्षा कमी नसलेला ऑक्सिजन, कंबरेला दोर आणि बाहेर उभा असलेला माणूस ही ती तयारी, आणि हातातला दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. स्वच्छतेला साबण किंवा डिटर्जंट वापरू नये. साबणाचा अंश राहिला तर तेल आणि आम्ल वेगळे व्हायला वेळ लागतो आणि सेटलरमध्ये, म्हणजे ते दोन्ही थर वेगळे होऊ देणाऱ्या टाकीत, त्यांच्या मधोमध फेसाळ थर उभा राहतो. आधी सौम्य गंधकाम्लाने, मग स्वच्छ पाण्याने धुवावे आणि झाकण लगेच बसवावे, कारण आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्याबरोबर येणारी माती आत पडली की सेटलरमधला तो थर आणखी घट्ट होतो.

सेंद्रिय द्रावण भरण्याच्या दिवशी, टाकीच्या भिंतीच्याच तुकड्यापासून, त्याच रेझिनचे आणि त्याच थरांचे बनवून घेतलेले चार नमुने टाकीत टांगावेत. दोन आम्लात, दोन तेलाच्या पातळीत. त्यांच्या कापलेल्या कडा आधी रेझिनने बंद केलेल्या असाव्यात. प्रत्येकाचे वजन, जाडी आणि बार्कोल त्या दिवसाच्या तारखेसह वहीत लिहून घ्यावे, आणि त्याच पानावर सहा महिन्यांनी नमुने बाहेर काढायची तारीख आणि ते काढणाऱ्याचे नाव लिहावे.